थर्टी फर्स्टला दहा पाहुणे आणि एक कढई: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी चीजचे सोपे स्टार्टर

आमच्या घरी थर्टी फर्स्टची पहिली पार्टी झाली तेव्हा बारा वाजल्याचं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं. खाली फटाके वाजत होते, हॉलमध्ये सगळे एकमेकांना हॅपी न्यू इयर म्हणत होते आणि मी झारा घेऊन कढईपुढे उभी होते. चीज बॉल फुटत होते. एक फुटला की चीज तेलात उतरायचं, जळायचं आणि पुढच्या घाण्याला तेच काळे कण चिकटायचे. सहा पदार्थ ठरवले होते, पैकी साडेतीन टेबलावर पोहोचले. नवरा मधूनमधून आत येऊन "काही मदत करू का?" विचारायचा आणि उत्तर न ऐकता बर्फ घेऊन जायचा.

पुढच्या वर्षीपासून बेत बदलला. गरम पदार्थ शक्यतो एकच, बाकीचं सगळं आदल्या रात्री किंवा दुपारी तयार. हा लेख त्याच बेताचा आहे. नाताळच्या सुट्टीत किंवा थर्टी फर्स्टला घरी आठ-दहा माणसं येणार आहेत, नंतर जेवायला पुलाव किंवा पावभाजी आहे आणि त्याआधीच्या दोन-तीन तासांत तोंडात टाकायला काहीतरी हवंय, असं धरून चालू.

चीजच का, तर डिसेंबरातला मोठा भाग मार्गशीर्षात जातो. गुरुवार करणाऱ्या काकू, महिनाभर सामिष न खाणारं एखादं जोडपं, तंदुरीची वाट बघणारे दोन मित्र आणि कशालाच हो न म्हणणारी चार पोरं, या सगळ्यांच्या बशीत चालेल अशी वस्तू शोधायला गेलं की हात चीजच्या खोक्याकडेच वळतो. शिवाय ते सोलायचं नाही, शिजवायचं नाही आणि त्यात मीठ आधीच असतं. या मिठाबद्दल पुढे पुन्हा सांगणार आहे.

आधी चीज ओळखा

दुकानातल्या फ्रिजपुढे उभं राहिल्यावर नवख्या माणसाचा गोंधळ होतो, कारण सगळ्यावर चीजच लिहिलेलं असतं. तुम्ही गरम केल्यावर ते कसं वागतं, एवढ्यावरून निवड करा.

आपल्या घरातलं नेहमीचं क्यूबचं किंवा गोल डब्यातलं चीज म्हणजे प्रोसेस्ड चीज. तयार झालेलं चीज पुन्हा वितळवून, त्यात सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार घालून ते बनवतात. त्या क्षारांमुळे चीजमधली चरबी आणि पाणी एकमेकांना धरून राहतात. म्हणून ते तापलं तरी तेल सुटत नाही, मऊ पडतं आणि बऱ्यापैकी जागेवर राहतं. चीजचे जाणकार त्याला नाकं मुरडतात, पण घरच्या पार्टीला इतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मोझरेला तारेसाठी. त्याचा दह्यासारखा घट्ट झालेला गोळा गरम पाण्यात मळून ताणतात, म्हणून वितळल्यावर त्याला लांब तार येते. पण तोंडाला चव कमी आणि थंड झालं की रबर. पिझ्झा पेटीतून काढल्यावर दहा मिनिटांत जे होतं तेच तुमच्या स्टार्टरचंही होणार, त्यामुळे नुसतं मोझरेला वापरू नका. तीन भाग प्रोसेस्ड आणि एक भाग मोझरेला हे प्रमाण मी बहुतेक ठिकाणी धरते.

चेडर चवीला उत्तम, पण जास्त तापवलं की तेल सोडतं. थंड खायला ठेवा.

पनीर वितळत नाही. दूध गरम असतानाच लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालून फाडलेलं असतं, त्यामुळे कितीही तापवा, ते लाल होईल पण वाहणार नाही. मैत्रिणीने एकदा टोस्टवर पनीर किसून घातलं आणि पाऊण तास ओव्हनच्या काचेला डोळे लावून बसली होती.

पाकीट उलटून मागचं वाचायची सवय लावा. 'चीज', 'चीज स्प्रेड' आणि 'अ‍ॅनालॉग' या तीन वेगळ्या वस्तू आहेत. अ‍ॅनालॉगमध्ये दुधातल्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. वितळतं ठीक, पण थंड खाल्लं की मेणबत्ती चावल्यासारखं वाटतं. आणि किसलेलं तयार पाकीट घेण्यापेक्षा अख्खं घेऊन घरी किसा. तयार किसावर तो चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरलेलं असतं, त्यामुळे तो एकजीव वितळत नाही. किसायच्या आधी चीज पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं आणि किसणीला तेलाचं बोट फिरवलं की किस मोकळा पडतो.

किती आणायचं

नंतर जेवण असेल तर माणशी ६० ते ६५ ग्रॅम चीज पुरतं, सगळे पदार्थ मिळून. क्यूबच्या २०० ग्रॅमच्या खोक्यात २५ ग्रॅमचे ८ क्यूब येतात. दहा जणांसाठी तीन खोकी आणा, म्हणजे २४ क्यूब. डिपला २, काड्यांना ८, पेरादबरोबर (ही पेरूची घट्ट वडी) ४, टोस्टला ६ आणि बॉलना ४. सोबत मोझरेलाचं सर्वांत लहान पाकीट. हा हिशेब टोस्ट आणि बॉल दोन्ही धरून आहे. पहिल्यांदाच करत असाल तर त्यातलं एकच करा. टोस्ट सोपे आहेत.

ठेचा-चक्क्याचा डिप (आदल्या रात्री)

क्रीम चीजचा डबा महाग, उघडला की आठवड्याभरात संपवायची कटकट आणि चव तरी कसली? आपल्याकडे चक्का आहे. श्रीखंडासाठी आपण दही बांधतो तेच करायचं, फक्त साखर घालायची नाही.

१ किलो घट्ट, ताजं, गोडसर दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर छोटं ताट आणि त्यावर वाटीभर वजन. हे सगळं फ्रिजमध्ये, सहा ते आठ तास. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्रभर नळाला टांगून ठेवलं तरी चालतं, मुंबई-ठाण्यात तसं केलं तर सकाळी आंबट होतं. ४०० ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. डेअरीतून आयता चक्का आणलात तर वेळ वाचेल, मात्र आणायला कोणाला पाठवताय ते बघा. आमच्याकडे चक्का सांगितल्यावर केशर-वेलची श्रीखंड आलं होतं.

चक्का फेटून त्यात २ क्यूब बारीक किसून घाला, एक लसणाची पाकळी ठेचून, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक लहान चमचा हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यात मीठ आहे, चीजमध्ये मीठ आहे, त्यामुळे वरून मीठ घालायचं नाही. सकाळी कालवून दिवसभर मुरू द्या. संध्याकाळी चाखा. मिरची दिवसभरात वाढलेली असते, म्हणून ठेचा आधी कमी आणि लागला तर संध्याकाळी वरून. कोल्हापूरचे पाहुणे असतील तर वेगळा ठेचा वाटीत ठेवा, ते स्वतःचं बघून घेतात.

डिपबरोबर गाजर-काकडीचे लांब तुकडे, खाकरा तोडून, आणि जमलं तर भाकरीचे कुरकुरीत तुकडे. ज्वारीची भाकरी शक्य तितकी पातळ थापायची, भाजून गार करायची, कात्रीने त्रिकोण कापायचे, बोटाने तेल लावून ओटीजीत १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. ओटीजी नसेल तर तव्यावर अगदी मंद आचेवर फडक्याने दाबत राहायचं. गार झाल्यावरच खुटखुटीत होतात, गरम असताना मऊ लागले म्हणून जास्त भाजू नका, करपतात. हवाबंद डब्यात दोन दिवस टिकतात. आमच्याकडे डिपपेक्षा हे आधी संपतात.

साळिंदर (पार्टीच्या संध्याकाळी)

चीज, अननस आणि चेरी टूथपिकला टोचून ती काडी फॉइल गुंडाळलेल्या कोबीत साळिंदराच्या काट्यासारखी खोचलेली. ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या वाढदिवसांमध्ये गेलं त्यांना हे सांगायला नको. मधल्या काळात त्याला जुनाट म्हणून हसायचे. मी दरवर्षी करते आणि दरवर्षी सर्वांत आधी हीच ताटली रिकामी होते, मोठ्यांकडूनच.

करायचं इतकंच: ८ क्यूब, प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे ३२ काड्या. तेवढेच अननसाचे तुकडे, तेवढीच चेरी. चेरीचा लाल रंग चीजला लागतो, म्हणून ती वर, मध्ये अननस, खाली चीज. चेरी आवडत नसेल तर द्राक्ष. डिसेंबराच्या शेवटाला द्राक्षं बाजारात यायला लागलेली असतात, जरा आंबट असतात, पण खारट चीजबरोबर आंबट द्राक्षच छान लागतं. खाली अर्धा कोबी पालथा ठेवायचा, त्याला फॉइल, आणि काड्या तिरप्या खोचायच्या.

इथे एक गोम आहे आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. चीज म्हणजे दुधातलं प्रथिनच. ताजा अननस आणि चीज एकमेकांना चिकटून दोन-तीन तास राहिले की चीज चिकट होतं आणि कडवट लागायला लागतं. एका वर्षी मी दुपारीच काड्या भरून ठेवल्या आणि रात्री चीजलाच दोष देत बसले. डब्यातला अननस डबाबंद करताना तापवलेला असतो, त्यात ते विकर निकामी झालेलं असतं. तेव्हा डब्यातला घेतलात तर दुपारी भरून फ्रिजमध्ये ठेवा, ताजा घेतलात तर पाहुणे यायच्या अर्धा तास आधी भरा. दोन्हीमध्ये तुकडे टिपकागदावर कोरडे करायला विसरू नका, नाहीतर कोबीखाली तळं साचतं.

लहान मुलं असतील तर टूथपिकऐवजी बोथट टोकाच्या जाड काड्या घ्या, किंवा त्यांच्यापुरते तुकडे वाटीत द्या.

पेराद आणि चीज (कष्ट शून्य)

गोव्यात नाताळच्या गोडाच्या ताटात बेबिंका, दोदोल, नेवऱ्या यांच्याबरोबर पेरूची एक लाल, घट्ट वडी असते, तिला पेराद म्हणतात. इंग्रजीतून तिला 'गावा चीज' असं नाव पडलंय, आणि त्यावरून दरवर्षी कोणीतरी मला विचारतं की यात चीज कुठलं. कुठलंच नाही. पेरूचा गर आणि साखर आटवलेली असते, फार तर लिंबू. पण ती चीजबरोबर लागते अप्रतिम. पोर्तुगीज लोक गेले तिथे फळाची घट्ट वडी आणि चीज ही जोडी गेलेली दिसते. ब्राझीलमध्ये पेरूची अशीच वडी पांढऱ्या चीजबरोबर खातात आणि त्या जोडीला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात.

गोव्याहून कोणी येणार असेल तर पेराद मागवा. एक पातळ चकती पेरादची, तेवढीच चीजची, एकावर एक. ४ क्यूबमध्ये चोवीस होतात. पेराद मिळाली नाही तर घट्ट मोरांब्याची फोड किंवा आवळ्याच्या मोरावळ्याचा पातळ काप. छुंदाही चालतो, फक्त तो ओघळतो, म्हणून खाकऱ्याच्या तुकड्यावर.

चिली चीज टोस्ट

मुंबईतल्या क्लबांच्या आणि जुन्या रेस्टॉरंटांच्या मेन्यूवर हा पदार्थ पक्का बसलेला असतो, आणि घरी तो बिघडतो तो फक्त ओलाव्यामुळे. ब्रेड मऊ पडतो, वरचा थर घसरतो, पाहुणा तो उचलतो आणि चीज बशीत राहतं.

१. दुपारी मिश्रण करून ठेवा. ६ क्यूब आणि ५० ग्रॅम मोझरेला किसून, त्यात एक लहान ढोबळी मिरची (बिया आणि आतला पांढरा भाग काढून, अगदी बारीक), ३ हिरव्या मिरच्या, ३ लसूण पाकळ्या ठेचून, मऊ लोणी एक मोठा चमचा, भरपूर मिरपूड. मीठ नाही. मीठ घातलं की ढोबळी मिरची पाणी सोडते आणि दुपारपासून रात्रीपर्यंत त्याची चटणी होते. मिश्रण मळल्यासारखं एकत्र करून झाकून फ्रिजमध्ये.

२. ब्रेड आदल्या दिवसाचा घ्या. ८ स्लाइस, कडा काढायच्या असल्या तर काढा. फक्त एका बाजूने तव्यावर कोरडेच भाजा, चांगले कडक. भाजलेली बाजू वर आली पाहिजे, मिश्रण तिच्यावर लावायचं. हीच युक्ती आहे: भाजलेल्या बाजूत ओल शिरत नाही आणि दुसरी बाजू ओव्हनमध्ये भाजली जाते.

३. मिश्रण कडेपर्यंत पसरा. मध्ये ढीग केला तर कडा जळतात.

४. ओटीजी दहा मिनिटं आधी २०० अंशांवर तापवा. टोस्ट वरच्या खणात, पाच ते सात मिनिटं. चीज बुडबुडायला लागलं आणि तुरळक ठिकाणी लाल डाग आले की बाहेर. शेवटच्या दोन मिनिटांत फोन उचलू नका.

५. मिनिटभर थांबून मग कापा. लगेच कापलं तर सुरीबरोबर सगळा थर निघतो. एका स्लाइसचे चार केले तर ३२ घास.

ओव्हन नसेल तर जाड तवा, मंद आच आणि वर झाकण. मोदक उकडताना आपण झाकणाला फडकं बांधतो ना, तसंच बांधा, नाहीतर झाकणावरची वाफ टोस्टवर ठिबकते. लाल डाग येणार नाहीत, चवीत फारसा फरक पडत नाही. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, त्यात ब्रेडचं चामडं होतं.

चीज बॉल, ज्यांना धाडस करायचंय त्यांच्यासाठी

आता माझं जुनं दुखणं. बॉल फुटतात कशामुळे, हे कळेपर्यंत मी चार-पाच कढया तेल वाया घालवलं असेल. आत पाणी असतं, ते तापून वाफ होते आणि वाफ जिथे भेग मिळेल तिथून बाहेर पडते. तिच्यामागोमाग चीज. म्हणजे तीन गोष्टी सांभाळायच्या: आत पाणी कमी, बाहेर भेग नाही, आणि तेलात वेळ थोडा.

बटाटे, साधारण अर्धा किलो, आदल्या दिवशी सालासकट उकडून घ्या आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो. थंड झालेला कोरडा आणि घट्ट राहतो. दुसऱ्या दिवशी सोलून किसा, कुस्करू नका, गुठळी राहिली की तिथेच भेग पडते. मक्याचे दाणे घालायचे असतील तर अर्धी वाटी, उकडून, फडक्यावर पूर्ण कोरडे करून आणि जाडसर वाटून. अख्खा दाणा तेलात टचकन फुटतो आणि अंगावर उडतो, बॉल फुटायच्या आधी.

त्यात २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, ३-४ चमचे ब्रेडचा चुरा, आलं-मिरची, कोथिंबीर (धुऊन पूर्ण वाळलेली) आणि बेताचं मीठ. गोळा हाताला चिकटत असेल तर अजून थोडा चुरा.

४ क्यूब, प्रत्येकाचे सहा तुकडे, म्हणजे २४. इथे मोझरेला नको, ते पाण्यासारखं पळतं. प्रोसेस्ड चीज आत दाटसर राहतं. लिंबाएवढा गोळा, मोदकासारखी पारी करून मध्ये तुकडा, वरून बंद, तळव्यात गुळगुळीत. पारी सगळीकडून सारखी हवी. ज्यांना मोदक येतात त्यांना हे हसत जमतं, बाकीच्यांनी पहिले चार स्वतःच्या घासासाठी ठेवावेत.

मग लेप. ३ चमचे मैदा आणि २ चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून, घट्ट ताकाइतपत. बॉल त्यात बुडवा, चुऱ्यात घोळवा, दहा मिनिटं थांबा आणि परत बुडवा, परत घोळवा. दोन थर. एका थरावर भागवणाऱ्यांच्या कढईत काय होतं ते वर सांगितलंच आहे. एका हाताने ओलं आणि दुसऱ्या हाताने कोरडं करा, नाहीतर बोटांचेच बॉल होतात.

हे सगळं आदल्या रात्री करून ताटात सुटे मांडून फ्रिजमध्ये ठेवता येतं. तळायच्या आधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये, पण रात्रभर फ्रीझरमध्ये नको. दगड झालेला बॉल बाहेरून लाल होतो आणि आत बर्फच राहतो.

तेल १७५ ते १८० अंश. मोजायचं साधन नसेल तर चुऱ्याचा कण टाका: तो लगेच बुडबुडे सोडत वर यावा, पण काळा पडू नये. एका घाण्याला पाच-सहाच, जास्त टाकले की तेल थंड होतं, बॉल जास्त वेळ आत राहतात आणि फुटतात. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, कवच धरू द्या. मग हलकेच फिरवा. सोनेरी झाले की बाहेर, कागदावर ढीग न करता जाळीवर. दोन घाण्यांच्या मधे तेलातला चुरा काढून टाका.

आणि देताना "आत गरम आहे" असं प्रत्येकाला सांगा. कोणी ऐकत नाही, तरी सांगा.

एअर फ्रायरवाल्यांनी बॉलना तेल चोपडून २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवावं. रंग फिका येतो, पण फुटला तरी पसारा होत नाही. तळलेल्याची सर नाही, हे माझं मत.

परदेशी चीजची ताटली मांडायची असेल तर

हल्ली गौडा, चेडर, ब्री असं मोठ्या दुकानात सहज मिळतं. दहा जणांना तीन प्रकार खूप झाले: एक कडक, एक मऊ, एक ओळखीचं. थंड चीजला चव लागत नाही, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढा, उकाडा असेल तर वीस मिनिटं. मऊ चीज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. ब्रीची वरची पांढरी साल खायची असते. ती बुरशीचीच असते, पण चीज मुरवण्यासाठी मुद्दाम लावलेली. एकदा एका पाहुण्यांनी ती साल सफरचंदासारखी सोलून बशीच्या कडेला मांडून ठेवली होती.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चीज घट्ट करायला रेनेट लागतं आणि ते परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. भारतात मिळणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो बघून घ्या. मात्र इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्यानो नियमानेच वासराच्या रेनेटचं करावं लागतं. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना हिरवा ठिपका मिळत नाही, त्यांनी मागचे घटक वाचून घ्यावेत. शंका असेल तर ते ताटलीत वेगळं ठेवा आणि सांगून ठेवा. जैन पाहुणे असतील तर काड्या आणि पेराद त्यांच्यासाठी सोयीच्या आहेत, आणि डिपमधला, ठेच्यातलाही, लसूण वगळला आणि सोबत गाजर ठेवलं नाही की तोही. कोणी गरोदर असेल तर कच्च्या दुधाचं आणि ब्रीसारखं मऊ चीज देऊ नका.

तिकडे राहणाऱ्यांना एक बिनकष्टाचा गरम पदार्थ: ब्रीचं अख्खं चाक बेकिंगच्या कागदावर ठेवून १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, वर लिंबाचं गोड लोणचं किंवा छुंदा आणि भाजलेले काजू. साल तशीच ठेवायची, ती आतलं धरून ठेवते. लगेच खायला बसा, गार झालं की मजा गेली.

दिवसाचा हिशेब

३० तारखेच्या सकाळी खरेदी, कारण ३१ ला संध्याकाळी दुकानात क्यूब संपलेले असतात. रात्री दही बांधणं, बटाटे उकडणं, भाकरीचे तुकडे. बॉल करणार असाल तर खरेदी आणि बटाटे एक दिवस आधी सरकवा, म्हणजे ३० च्या रात्री ते वळून लेप लावून ठेवता येतात. ३१ च्या सकाळी डिप कालवा, तो संध्याकाळपर्यंत मुरतो. दुपारी टोस्टचं मिश्रण आणि डब्यातल्या अननसाच्या काड्या. सहाला पेराद आणि चीज कापून झाकून ठेवा, उघडं राहिलं की कडा पिवळ्या आणि कडक होतात. सातला डिप आणि साळिंदर टेबलावर. पहिला पाहुणा आला की ओव्हन सुरू करायचा नाही. पाच-सहा जण जमले, गप्पा लागल्या की करा. टोस्ट दोन घाण्यांत द्या, अर्ध्या तासाच्या अंतराने, म्हणजे उशिरा येणाऱ्यांनाही गरम मिळतात. बर्फ आणणाऱ्या माणसाला ओव्हनची घंटी ऐकायचं काम द्या.

रात्री आवरताना बाहेर राहिलेला डिप आणि मऊ चीज पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून लोभ धरू नका. फ्रिजमधून न काढलेला डिप मात्र १ तारखेला सकाळी शिळ्या भाकरीबरोबर, वर लसणाची फोडणी घालून. उरलेले क्यूब बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात. न तळलेले बॉल उरले तर तेव्हा फ्रीझरमध्ये टाका, आणि पुढच्या वेळी तळायच्या आधी रात्रभर खालच्या फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. आमचे शेवटचे सहा बॉल यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर आले, तिळगुळाच्या शेजारी, आणि कोणी काही बोललं नाही.